गोळी, काडतूस की पुंगळी?

प्रश्न

भाचा इंग्लंडात सफोकला असतो. नांगरलेल्या शेताच्या कडेनं फिरताना त्याला पितळेची एक नळी सापडली. मधल्या बोटापेक्षा जरा लांब, तोंडाशी निमुळती, बुडाशी ‘एस एल ४३’ अशी अक्षरं. घरच्या ग्रुपवर फोटो आला आणि वाद पेटला. मामी म्हणाली बॉम्ब, दादा म्हणाले तोफगोळा, मी म्हणालो गोळी. भाच्याच्या शेजाऱ्यानं ‘फिफ्टी कॅलिबर, विमानातली’ असं सांगितलं, तर आमच्यातल्या एका हुशार माणसानं त्याचं मराठी केलं ‘५० मिलिमीटरची तोफ’. याला नेमका शब्द कोणता? आणि विमानातली हे कशावरून?

प्रतिसाद

पुंगळी. बातम्यांत ‘घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ असं छापतात ना, तीच. दारू, ती पेटवणारी बुडाची टोपी, पुढची गोळी सगळं शाबूत असेल तर ते काडतूस, म्हणून पोलिसांच्या बातमीत नेहमी ‘गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे’. नळीतून सुटून पुढे जाते ती गोळी.

घोटाळा आपल्या बोलण्यातला आहे. ठासणीच्या बंदुकीत दारू वेगळी, गोळी वेगळी, तेव्हा गोळी म्हणजे फक्त गोळीच होती. पुढे हे सगळं एका पितळी नळीत आलं, त्यासाठी पोर्तुगीजांकडून आलेला ‘काडतूस’ शब्दही होता, पण तोंडातली ‘गोळी’ काही सुटली नाही. ‘बुलेट’ म्हणून सोय करावी तर डोळ्यांपुढे फटफटी येते.

प्रतिसाद

५० मिलिमीटरचं आधी निस्तरू. मूळ आकडा .५०, म्हणजे नळीच्या तोंडाचा व्यास अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. भाषांतरात तो टिंब गळतो आणि मशीनगनची तोफ होते. त्यात भर म्हणजे आरमारात ‘५० कॅलिबर’चा अर्थच निराळा. तिथे नळीची लांबी तोंडाच्या व्यासाच्या किती पट, ते सांगतात. आयोवा वर्गाच्या युद्धनौकांच्या १६ इंची तोफा ५० कॅलिबरच्या होत्या, म्हणजे नळी ८०० इंच लांब. एकच शब्द, एकीकडे अर्धा इंच आणि दुसरीकडे ६६ फूट!

‘एस एल’ म्हणजे सेंट लुईसचा अमेरिकी कारखाना, ४३ म्हणजे १९४३. ‘एल सी’ असतं तर लेक सिटी, ‘डी एम’ असतं तर डे मॉइन. १९४४ साली काही कारखान्यांनी नुसता ‘४’ ठोकला, त्यामुळे एकच आकडा दिसला तर अक्षर झिजलं असं समजू नका. आपल्या खडकीच्या कारखान्याची खूण ‘के एफ’, किर्की फॅक्टरी. पण ती .३०३ च्या काडतुसांवर शोधा.

प्रतिसाद

अक्षरांच्या आधी पट्टी लावा. भाच्याला पुंगळीची लांबी मोजायला सांगा. ९९ मिमी भरली तर अमेरिकी ब्राउनिंग मशीनगनची. १०८ असेल तर रशियन बेरेझिनची. ८१ असेल तर इटालियन ब्रेडा किंवा जपानी लष्कराची हो-१०३, आणि त्यांच्या बुडाची कड पुंगळीच्या अंगाबाहेर किंचित डोकावते. अमेरिकी पुंगळीला तशी कड नाही, बुडाशी नुसती खाच. जर्मन एमजी १३१ ची पुंगळी जेमतेम ६४ मिमी, आणि तिची टोपी विजेनं पेटायची, त्यामुळे बुडावर ठोक्याचा खळगा शोधत बसू नका. ब्रिटिश स्पिटफायर विमानातल्या .३०३ ची ५६ मिमी, पण ती या ‘हेवी’, म्हणजे मोठ्या तोंडाच्या, पंक्तीतली नव्हेच.

गोळी सोबत असती तर टोकाचा रंगही बोलला असता. अमेरिकी .५० मध्ये बिनरंगी ती साधी, काळ्या टोकाची चिलखतभेदी, फिकट निळ्या टोकाची आग लावणारी, लाल टोकाची ट्रेसर, म्हणजे जाताना उजेडाची रेघ ओढणारी. चंदेरी टोकाची भेदूनही जाते आणि पेटवतेही. सापडलेल्या वस्तूत गोळी बसलेली असेल तर मात्र मोजमाप नको, हात लावू नका, पोलिसांना कळवा. ऐंशी वर्षांची झाली तरी ती जिवंतच.

प्रश्नकर्ता

भाच्यानं मोजली. ९९ मिमी, बुडाच्या मधोमध खोल खळगा, गोळी नाही. म्हणजे उडालेली. पण विमानाचं राहिलं.

प्रतिसाद

ते नुसत्या पुंगळीवरून ठरत नाही. तीच ९९ मिमीची काडतुसं जमिनीवरच्या, गाड्यांवरच्या, जहाजांवरच्या ब्राउनिंगलाही चालत. इथे साक्ष जागेची. दुसऱ्या महायुद्धात सफोक भागात अमेरिकी हवाई दलाचे तळ होते. पी-५१डी मस्टँग या लढाऊ विमानाच्या पंखांत सहा ब्राउनिंग, पी-४७ मध्ये आठ, बी-१७जी बॉम्बरवर तेरा. एकेक मशीनगन मिनिटाला ७५० च्या वर गोळ्या झाडायची. मस्टँगच्या पुंगळ्या पंखाखालच्या फटींतून बाहेर पडत, बी-१७ च्या कमरेजवळच्या गनरच्या मात्र पायांतच साचत. शेजाऱ्याचा अंदाज पटण्यासारखा आहे, पण पुंगळीसोबत ठेवायच्या चिठ्ठीवर ‘बहुधा’ लिहा.

प्रतिसाद

‘हेवी’ला ‘अवजड’ नको, अवजड म्हटलं की महामार्गावरची वाहनं आठवतात. इथे हेवी म्हणजे तोंड मोठं, वजनाचा प्रश्न नाही. सरळ ‘हेवी मशीनगन’ लिहावं. आणि ‘तोफ’ साधारण २० मिमीपासून पुढे. अर्थात जर्मन हवाई दल २० मिमीच्या एमजी १५१/२० लाही मशीनगनच म्हणायचं, आणि जपानी लष्कर १२.७ मिमीलाच तोफेच्या रांगेत बसवायचं. मग आपल्या ग्रुपवरच्या दादांना फार बोलू नका.

प्रश्नकर्ता

चिठ्ठी अशी केली: ‘रिकामी पुंगळी, .५० ब्राउनिंग, १२.७ × ९९ मिमी, सेंट लुईस, १९४३. बहुधा विमानातली.’ एकच अडलं. बुडाच्या मधल्या त्या गोल चकतीला टोपी म्हणू की टिकली? भाच्याला दिवाळीतल्या पिस्तुलामुळे टिकली लगेच कळली.

प्रतिसाद

छापायचं असेल तर टोपी. भाच्यासाठी टिकलीच ठेवा, ठोका बसला की पेटते ती तशीच.