मदत हवी आहे: इंजिन गरम झालं की चालती गाडी अचानक बंद पडते

नमस्कार मंडळी. मी लीड्सला असतो. माझ्याकडे १९९४ची टू-सीटर स्पोर्ट्स कार आहे, पेट्रोल, इंजेक्शनवाली. तीन आठवड्यांपासून पंचवीस-तीस मिनिटं चालवली की इंजिन एकदम बंद पडतं. आचके नाहीत, धडधड नाही, बटण दाबून दिवा घालवावा तसं. पंधरा मिनिटं थांबलं की पहिल्या फटक्यात सुरू.

परवा एम६२ मोटरवेवर भर गर्दीत हे झालं, तेव्हा पोटात गोळाच आला. पण एक गोष्ट नीट पाहिली: गाडी गिअरमध्येच होती, क्लच दाबला नव्हता, म्हणजे चाकांमुळे इंजिन फिरतच होतं, तरी आरपीएमचा काटा झटकन शून्यावर आला. म्हणजे काट्याला सिग्नलच मिळत नसावा, म्हणून मला पेट्रोलपेक्षा इग्निशनचा (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचा) संशय जास्त आहे. किल्ली फिरवल्यावर पंपाचा आवाज येतो. फिल्टर, प्लग, वायरी नव्या आहेत.

क्रँक सेन्सरचा (इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा सेन्सर) रेझिस्टन्स गार असताना बरोबर भरतो. गरम असताना मोजायला जावं तर हात पोचेपर्यंत तो निवतो. हेअर ड्रायरने तापवून मोजलं तर चालेल का? की आधी मेन रिले (इंजिनाच्या यंत्रणेला वीज देणारा स्विच) आणि इग्निशन स्विच बघू? इंजेक्टरच्या पॉझिटिव्ह वायरला टेस्ट लॅम्प लावून तो डॅशबोर्डवर आणायचा विचार आहे. गाडी बंद पडताना दिवा विझला तर सप्लाय जातोय, पेटलेला राहिला तर सेन्सर, हा तर्क बरोबर आहे ना?

अंदाजाने पार्ट बदलत बसायचं नाहीये. कुणी हे स्वतः शोधून काढलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. तोवर गाडी घरीच उभी आहे.