.२२ सरावाच्या रायफलला १-४ की १-६ स्कोप? (रत्नागिरी, खाडीकाठ, पावसाचा विचार करून सांगा)

खाडीकाठचा
नमस्कार मंडळी. माझ्याकडे .२२ ची बोल्ट अॅक्शन रायफल आहे, परवाना रीतसर आहे, फक्त क्लबच्या रेंजवर कागदी टार्गेटवर वापरतो, २५ आणि ५० मीटर. चाळिशीचा चष्मा लागल्यापासून मागची साइट, पुढची साइट आणि टार्गेट तिन्हींपैकी एकच काय ते स्पष्ट दिसतं, म्हणून स्कोप घ्यायचं ठरवलंय. ५० मीटरच्या आयएसएसएफ (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) रायफल प्रकारात स्कोप चालत नाही, पीप साइटच (बारीक भोकातून बघायची) लागते हे माहितीय, पण मला स्पर्धेत उतरायचं नाहीये. उभं राहून, गुडघ्यावर आणि झोपून असा तिन्ही पोझिशनचा सराव नीट व्हावा, ट्रिगरवरचा हात टिकावा एवढंच हवंय. पॅरिसला २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने याच तीन पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं ते बघितल्यापासून पुन्हा मनापासून सुरू केलंय.

दुकानदार ३-९ (म्हणजे चित्र ३ ते ९ पट मोठं दाखवणारा) घ्या म्हणतो, मित्र म्हणतो १-६ एलपीव्हीओ, म्हणजे १ पटापासून सुरू होणारा कमी पॉवरचा झूम स्कोप घे, आजकाल सगळे तेच घेतात. कमी पॉवरचा घ्यायचा हे माझं जवळजवळ ठरलंय पण १-४ का १-६, आणि घेताना नेमकं काय तपासायचं? दुसरी काळजी हवेची. घर अगदी खाडीला लागून आहे, जूनपासून भिंतींना ओल येते, गेल्या पावसाळ्यात चांगल्या दुर्बिणीच्या काचेत बुरशीची जाळी धरली. स्कोपचं तसं होऊ द्यायचं नाहीये.

निशाण५०
दादा, १-४ का १-६ हा प्रश्न नंतरचा. आधी दुकानदाराला विचारा की पॅरलॅक्स किती अंतरावर सेट आहे. बहुतेक एलपीव्हीओ मोठ्या काडतुसाच्या रायफलींसाठी बनवलेले असतात आणि त्यांचा पॅरलॅक्स १०० यार्डाला फिक्स असतो, वर फिरवायला नॉबही नसतो. .२२ साठी खास बनवलेल्या स्कोपचा ५० किंवा ६० यार्डाला असतो. फरक कुठे पडतो सांगतो. डोळा स्कोपच्या बरोब्बर मध्ये नसेल तर क्रॉस टार्गेटवर सरकल्यासारखा दिसतो, आणि जास्तीत जास्त किती सरकेल याचा हिशोब सोपा आहे, पुढच्या काचेचा अर्धा व्यास गुणिले अंतरातला फरक भागिले सेट केलेलं अंतर. २४ मिमीची काच, १०० यार्ड सेटिंग, टार्गेट ५० मीटरवर, तर साधारण साडेपाच मिमी येतात. २५ मीटरवर तेच पावणेनऊ होतात. ५० मीटर टार्गेटच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी आहे, म्हणजे मधोमध जायची गोळी निव्वळ गाल नीट न टेकल्यामुळे दहाच्या रेषेवर जाऊन बसू शकते, आणि तुम्ही बसाल ट्रिगरला दोष देत. सरावात याच्याइतकं वाईट काही नाही, कारण चूक कुठे झाली तेच कळत नाही.

हाच हिशोब ४० मिमीच्या काचेला लावा, तुमचा दुकानदार दाखवतोय त्या ३-९ ला बहुतेक तेवढीच असते. त्याचाही पॅरलॅक्स १०० यार्डाला असेल तर ५० मीटरवर ९ मिमीपर्यंत जातो. म्हणजे छोटी काच इथे तुमच्या बाजूने आहे. ५० यार्ड सेटिंगचा १-४ मिळाला तर ५० मीटरवर चूक एखाद्या मिमीची राहते, मग विषयच संपला.

सुरंगी
वरच्याशी पूर्ण सहमत. मी एनसीसीत .२२ वर शिकले आणि आता नवीन मुलामुलींना शिकवते म्हणून सरावाच्या बाजूने लिहिते. माझं मत १-४. दादा तुम्ही उभं राहून मारणार आहात ना, त्या पोझिशनला झूम जितकी जास्त तितका क्रॉस नाचताना दिसतो, आणि माणूस तो नाच थांबायची वाट बघत श्वास कोंडून बसतो आणि मग घाईत ट्रिगर ओढतो. १ वर ठेवून दोन्ही डोळे उघडे ठेवायची सवय लावा, उभ्या पोझिशनला फार फरक पडेल. फक्त घेताना १ हा खरंच १ आहे का ते बघा, स्वस्तातल्या बऱ्याच स्कोपमध्ये १ वर पण चित्र किंचित मोठं किंवा कडेला वाकडं दिसतं आणि दोन्ही डोळे उघडले की डोकं भणभणतं. दुकानात दाराच्या चौकटीकडे बघायचं, चौकट सरळ दिसली पाहिजे.

६ पॉवर लागते ती झोपून मारताना, आणि तेव्हाही लोक ती भोकं बघायला वापरतात. .२२ चं भोक साडेपाच मिमीचं, ते काळ्या भागात ५० मीटरवरून ६ पॉवरमधून पण नीट दिसत नाही. त्यासाठी शेजारी स्पॉटिंग स्कोप (टार्गेट बघायची वेगळी दुर्बीण) ठेवा, जुना असला तरी चालेल. पावसाळ्यात मळभ असतं तेव्हाही १-४ बरा पडतो, कारण २४ भागिले ४ म्हणजे ६ मिमीचा प्रकाश डोळ्याला मिळतो, ६ पॉवरला फक्त ४ मिमी. डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र काळं पडत नाही.

रेटिकल (स्कोपच्या आतला क्रॉस आणि खुणा) साधं घ्या. मोठ्या काडतुसाच्या घसरणीप्रमाणे खुणा केलेलं रेटिकल .२२ ला उपयोगाचं नाही, या गोळीचा मार्गच वेगळा. साध्या एमओए किंवा मिलच्या (दोन्ही कोन मोजायची एककं) खुणा पुरे. आणि फर्स्ट फोकल प्लेनच्या (झूमबरोबर रेटिकल लहानमोठं होतं तो प्रकार) मागे लागू नका, १ वर त्याचं रेटिकल इतकं बारीक होतं की चष्मेवाल्याला दिसायचं नाही. सेकंड फोकल प्लेन (रेटिकल तेवढंच राहतं) घ्या, त्यातल्या खुणांचं माप बहुतेक वेळा फुल झूमवरच बरोबर येतं एवढं लक्षात ठेवा. क्लिक, म्हणजे नॉबच्या एका खटक्याला नेम किती सरकतो, ते पण विचारा. काहींना अर्ध्या एमओएचे क्लिक असतात, ५० मीटरवर एका क्लिकला सव्वासात मिमी सरकतं, .२२ च्या बारीक झिरोला (क्रॉस आणि गोळी ठरलेल्या अंतरावर जुळवणं) ते जाडं पडतं. पाव एमओए म्हणजे साडेतीन मिमीच्या आसपास, ते घ्या.

माडाखाली_वेंगुर्ला
गाववाल्यांनू, एअरगनचो स्कोप लावलो तर चलात काय? स्वस्त पडता आणि तेचो पॅरलॅक्स पण १० मीटरपासून फिरता.

निशाण५०
चालतो की. .२२ ला धक्का अगदी कमी, त्यामुळे तो टिकेल. उलटं मात्र करू नका, साधा रायफल स्कोप स्प्रिंगच्या एअरगनवर बसवला तर स्प्रिंगचा धक्का पुढेमागे दोन्हीकडे बसतो आणि आतल्या काचा हलतात. अडचण एवढीच की एअरगनचे चांगले स्कोप बहुतेक ३-९ किंवा ४-१२ असतात. सुरंगीताई म्हणतायत तो दोन डोळ्यांचा सराव त्यावर होत नाही.

तात्या_गुहागर
बुरशीबद्दल लिहितो, कारण कोकणात स्कोप पॉवर कमी पडून वाया जात नाही, ओलीने जातो. नायट्रोजन भरलेला आणि सीलबंद स्कोपच घ्यायचा, ते आतल्या धुक्यासाठी. पण बुरशी बाहेरच्या काचेवर पण धरते, बोटांचे ठसे आणि धूळ हे तिचं खाणं. रेंजवरून आलं की आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग लेन्सच्या कापडाने पुसा, शर्टाच्या टोकाने नको. आणि ज्या फोमच्या केसमध्ये स्कोप विकत मिळतो ती केस पावसाळ्यात माळ्यावर टाका, फोम ओल धरून ठेवतो. कॅमेरेवाले वापरतात तो ड्राय कॅबिनेट मिळाला तर उत्तम, ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर ठेवायचा. लाईट वारंवार जात असेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. दाण्यांचा रंग बदलला की तापवून परत वापरता येतात, फक्त स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. आगोटीची कामं निघाली की मे महिन्यातच हे सगळं करून ठेवायचं, जूनमध्ये डब्यात बंद होते ती ओलीच हवा.

दुसरं माउंटचं. तुमच्या रायफलला वर स्कोप बसवायची खाच आहे का, आणि ती ११ मिमीची आहे का ३/८ इंची ते मोजा, दोन्हीच्या रिंगा दिसायला सारख्या पण पकड वेगळी. पिकॅटिनीच्या (आडव्या खाचांच्या रुंद पट्टीच्या) रिंगा त्यावर बसतच नाहीत, अॅडॅप्टर लागतो आणि अॅडॅप्टरने स्कोप इतका वर जातो की गाल टेकतच नाही. जुन्या रायफलीला खाचच नसेल तर भोकं पाडायचं काम परवानाधारक गनस्मिथकडूनच करून घ्या. स्कोपची नळी १ इंची का ३० मिमी तेही रिंगा घेण्याआधी बघा. स्क्रू खाऱ्या हवेत गंजतात, त्यांना तेलाचा पुसट हात द्या, पण रिंगेच्या आतल्या बाजूला तेल नको.

आणि एक, निवडणुकीची आचारसंहिता लागली की आपल्याकडे अनेकांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. त्याआधी स्कोप काढून घरी कोरड्यात ठेवा, महिना दोन महिने कुठल्या कपाटात पडेल सांगता येत नाही. रिंगा स्कोपवर तशाच राहू द्या, बेसवरच्या जागेला खूण करा, म्हणजे परत बसवल्यावर झिरो जवळपास सापडतो.

खाडीकाठचा
सगळ्यांचे मनापासून आभार. तात्या, खाच मोजली, ११ मिमी आहे. १-४, पॅरलॅक्स ५० यार्ड, पाव एमओए, साधं रेटिकल, एवढं धरून शोधतो. चष्मा लावून बघायचं का काढून? आणि झिरो २५ ला करू का ५० ला?

सुरंगी
चष्मा लावूनच, रेंजवर डोळ्याला संरक्षण हवंच. पण जवळचं वाचायचा नको, लांबचा नंबर असेल तर तो, नसेल तर साधा सेफ्टी ग्लास. मागची आयपीस फिरवून क्रॉस काळा कुळकुळीत दिसेपर्यंत जुळवा, कोऱ्या आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे बघून, आणि एका वेळी दोन-तीन सेकंदच बघा नाहीतर डोळा स्वतःच जुळवून घेतो. स्कोप लावताना रायफल रिकामी, बोल्ट बाहेर.

झिरो ५० ला. ४० ग्रेनची स्टँडर्ड व्हेलॉसिटी गोळी साधारण १०७० फूट प्रतिसेकंदाने निघते, ५० ला झिरो असेल तर २५ ला फरक जेमतेम जाणवतो आणि १०० मीटरवर मात्र जवळजवळ वीतभर खाली जाते. हाय व्हेलॉसिटी सरावाला घेऊ नका, ती ध्वनीच्या वेगाच्या वर निघून वाटेतच त्या वेगाच्या खाली उतरते आणि ग्रुप (टार्गेटवरचा गोळ्यांचा झुबका) पसरतो. डब्यावरचा लॉट नंबर वहीत लिहून ठेवा, लॉट बदलला की पाच-पाच गोळ्यांचे दोन ग्रुप मारून झिरो परत तपासा, मगच नॉबला हात लावा.