हेलियमचा शोध १८६८ चा की १८९५ चा?

खग्रास (धागाकर्ता)

विजयदुर्गाला १८ ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो. इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात तेथील 'साहेबाच्या ओट्यां'वरून हेलियम शोधला, असे सांगितले जाते आणि मराठी लेखांतही तेच छापून येते. यातला स्थळाचा भाग उघडच चुकीचा आहे. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गाला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. शिवाय ऑगस्टातला कोकणचा पाऊस ज्याने पाहिला आहे, तो तेथे दुर्बीण मांडण्याचा सल्ला कोणाला देणार नाही.

मला मात्र स्थळापेक्षा सालाविषयी वाद घालायचा आहे. १८६८ च्या ग्रहणात निरीक्षकांपैकी जान्सेन आणि टेनंट गुंटूरला, हर्शेल जमखिंडीला आणि पॉगसन मछलीपट्टणमला होते. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाळांच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे केल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यात, तेजस्वी रेषा दिसल्या आणि त्या ज्वाळा तप्त वायूच्या आहेत हे ठरले. त्यांत एक पिवळी रेषाही होती, आणि ती पाहणाऱ्या बहुतेकांनी ती सोडियमची 'डी' रेषा मानली. लॉकियर यांनी २० ऑक्टोबरला लंडनमध्ये ग्रहणाविनाच या ज्वाळांचा वर्णपट मिळवला आणि पुढे मोजून दाखवले की पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषेवर पडत नसून तिच्या शेजारी, आजच्या मापाने सुमारे ५८७.६ नॅनोमीटरवर आहे. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरावीक जागी पडतात, पण पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात पदार्थाशी ही जुळेना. १८७१ मध्ये ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या एडिंबरा येथील अध्यक्षीय भाषणात विल्यम थॉमसन यांनी सांगितले की रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड आणि लॉकियर या पदार्थाला हेलियम हे नाव सुचवतात.

माझे म्हणणे असे की हा शोध नव्हता, केवळ तर्क होता. 'अनोळखी रेषा, म्हणून अनोळखी मूलद्रव्य' हीच वाट धरून त्या काळी आणखी दोन मूलद्रव्ये 'सापडली'. १८६४ मध्ये हगिन्स यांना तेजोमेघात दिसलेल्या हिरव्या रेषांवरून नेब्युलियम आले आणि १८६९ च्या ग्रहणात सूर्याभोवतीच्या प्रभामंडळात (कोरोनात) दिसलेल्या हिरव्या रेषेवरून कोरोनियम. १९२७ मध्ये बोवेन यांनी दाखवले की नेब्युलियम म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला, अतिविरळ अवस्थेतला ऑक्सिजन. कोरोनियम म्हणजे तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले लोखंड, हे १९४० च्या सुमारास ग्रोट्रियान आणि एडलेन यांच्या कामातून स्पष्ट झाले. एकाच पद्धतीने तीन निष्कर्ष निघाले आणि त्यांतले दोन खोटे ठरले. १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमसे यांनी क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजातून वायू काढला, त्यात तीच पिवळी रेषा दिसली आणि क्रूक्स यांनी तिची खातरजमा केली. शोधाचे साल तेच मानावे.

परीक्षानळी

मला हे अजिबात मान्य नाही, कारण तुम्ही तिन्ही तर्कांना एकाच तागडीत टाकले आहे. लॉकियर यांनी रेषा दिसताच नामकरण केले नाही. रेषेचे स्थान मोजून त्यांनी सोडियम बाद केला. मग फ्रँकलंड यांच्यासह प्रयोगशाळेत हायड्रोजनचा दाब आणि तापमान बदलून पाहिले आणि त्यातूनही ती रेषा येईना, तेव्हाच नव्या पदार्थाकडे बोट दाखवले. हाताशी असलेल्या शक्यता संपवून काढलेल्या निष्कर्षाला तर्क म्हणून हिणवता येत नाही.

दुसरे असे की रॅमसे यांच्या हाती आलेला वायू हेलियम आहे, हे त्यांना कशावरून समजले? त्याच रेषेवरून. रसायनशास्त्रज्ञ हिलब्रँड यांनी त्याआधी काही वर्षे अमेरिकेत अशाच खनिजातून असाच वायू काढला होता आणि तो नायट्रोजन समजून सोडून दिला. वायू हातात असणे म्हणजेच शोध असेल, तर मान हिलब्रँड यांना द्या. तो देत नसाल, तर ओळख महत्त्वाची हे तुम्हीच कबूल करता, आणि ती ओळख सूर्यावरून आलेली होती.

खग्रास

हिलब्रँड यांचा मुद्दा बिनतोड आहे. पण शक्यता संपवण्याविषयी बोलायचे तर नेब्युलियमवाल्यांनीही ज्ञात पदार्थ तपासले होतेच. ज्या शक्यतेची कल्पनाच त्या काळी करता येत नव्हती, ती संपवणार कशी? अणूतून इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर वर्णपट बदलतो, हे कळायला आधी इलेक्ट्रॉन माहीत असायला हवा, आणि तो माहीत झाला १८९७ मध्ये. म्हणजे १८७१ साली हेलियमवर विश्वास ठेवायला जितका आधार होता, साधारण तितकाच कोरोनियमवर ठेवायलाही होता. लॉकियर यांचा तर्क खरा ठरला हे आपल्याला आज कळते. तेव्हा त्या दोन रेषांपैकी खरी कोणती, हे रेषा पाहून सांगता आले नसते.

टिपणवही

दोघेही शोधाला एखाद्या दस्तासारखी तारीख आणि जागा मागत आहात, आणि माझ्या मते अडचण तिथेच आहे. प्राणवायूचे उदाहरण घ्या. प्रीस्टली यांनी १७७४ मध्ये पाऱ्याचे लाल भस्म तापवून तो वायू मिळवला, पण शेवटपर्यंत ते त्याला फ्लॉजिस्टन (जळताना बाहेर पडतो असे तेव्हा मानला गेलेला पदार्थ) काढून टाकलेली हवा मानत राहिले. त्यांना काय मिळाले ते लाव्हाझिए यांनी सांगितले, आणि शेले यांनी तोच वायू स्वतंत्रपणे, प्रीस्टली यांच्याही आधी मिळवला होता. 'काहीतरी आहे' आणि 'ते अमुक आहे' या दोन गोष्टी कळण्यामध्ये कधी वर्षे जातात, कधी पिढी जाते. विज्ञानाचे इतिहासकार थॉमस कून यांनी याच उदाहरणावरून म्हटले होते की अशा शोधाला एक क्षण आणि एक माणूस चिकटवता येत नाही.

हेलियमच्या नावातच याचा पुरावा आहे. त्याच्या शेवटचे 'इयम' हे सोडियम-पोटॅशियमसारख्या धातूंच्या नावांतले. नाव देणाऱ्यांनी तो धातू असावा असे गृहीत धरले होते, आणि निघाला तो उदासीन, म्हणजे इतरांशी सहसा संयोग न करणारा, वायू.

परीक्षानळी

कून यांचा आधार घेतला की प्रत्येक वाद 'ती एक प्रक्रिया आहे' या वाक्यावर येऊन विरतो, आणि मला तो विरू द्यायचा नाही. गॅलिलिओ यांनी १६१२ च्या डिसेंबरात नेपच्यून पाहिला आणि तारा म्हणून टिपून ठेवला. त्यांना नेपच्यूनचा शोधक कोणी म्हणत नाही. पिवळ्या रेषेला सोडियम समजणारे निरीक्षक गॅलिलिओंच्या जागी आहेत, हे मान्य. लॉकियर मात्र तिथे नाहीत, कारण ही नवी वस्तू आहे असे त्यांनी म्हटले आणि तसे म्हटल्याबद्दल पंचवीस वर्षे रसायनशास्त्रज्ञांची शंका सोसली. धातू की वायू ही चूक तपशिलातली आहे.

एक सवलत देतो. १८ ऑगस्ट ही तारीख मीही सोडतो. जान्सेन यांनी नव्या मूलद्रव्याचा दावा केलेलाच नव्हता. ग्रहण संपल्यावर दुसऱ्या दिवशीही ज्वाळांचा वर्णपट पाहता येतो हे दाखवणे, हा त्यांचा पराक्रम. फ्रेंचांनी १८७२ मध्ये जान्सेन आणि लॉकियर या दोघांच्या मुद्रा असलेले पदक काढले, तेही सौरज्वाळांच्या विश्लेषणासाठी. हेलियमसाठी नव्हे.

खग्रास

तपशिलातली चूक म्हणता, पण १८६९ मध्ये मेंडेलेव्ह यांनी मांडलेल्या मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत उदासीन वायूंचा रकानाच नव्हता. तो आरगॉन आणि हेलियम हाती आल्यावर नव्याने आखावा लागला. सारणीत जागा नाही म्हणून कोरोनियमवर संशय घेणे पुढे योग्य ठरले. तोच न्याय १८७१ मध्ये लावला असता, तर हेलियमही बाद झाला असता. म्हणूनच वायू बाटलीत येईपर्यंत थांबणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांना मी हटवादी म्हणणार नाही.

देवगडकर

आमच्या किल्ल्याविषयी धागा निघाला म्हणून लिहीत आहे. १८६८ चा दावा टिकत नाही हे मी गावात बोललो आहे आणि त्याबद्दल ऐकूनही घेतले आहे. पण १८९८ च्या मोहिमेला कोणी हात लावलेला नाही, याचे वाईट वाटते. लॉकियर यांचा तळ विजयदुर्गाला होता, तर पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी नायगमवाला करमाळ्याजवळच्या जेऊरला; अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तेथेच होते.

आणि त्या ग्रहणात झालेले एक काम तुमच्या वादाशी थेट संबंधित आहे. तोवर कोरोनियमची हिरवी रेषा सूर्यवर्णपटातल्या लोखंडाच्या एका रेषेशी जुळते असे मानले जात असे. भारतातून घेतलेल्या १८९८ च्या छायाचित्रांवरून कळले की ती तेथे नसून थोडी बाजूला, ५३०.३ नॅनोमीटरवर आहे. लोखंडाशी असलेले तिचे नाते तुटले आणि कोरोनियमचा दावा उलट बळकट झाला. पुढे चाळीसेक वर्षांनी ती लोखंडाचीच निघाली. तेव्हा ओट्यांवर फलक लावायचाच झाला, तर तो कोरोनियमचा लावावा लागेल, आणि त्याला देणगी कोण देणार हे मला सांगता येत नाही.