सिव्हिल एअर पेट्रोल: एच-४ वरच्या मुलांना कॅडेट म्हणून घेतात का?

नमस्कार मंडळी,

आम्ही डॅलसजवळ राहतो. मुलगी १३ वर्षांची आहे. तिला सिव्हिल एअर पेट्रोलची कॅडेट व्हायचंय आणि घोडं अडलंय व्हिसापाशी. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, आम्ही दोघी एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर. ग्रीन कार्डाची रांग किती लांब आहे हे इथे कुणाला सांगायला नको.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: ही अमेरिकन हवाई दलाची स्वयंसेवी सहायक संघटना. पर्ल हार्बरच्या आठवडाभर आधी, १ डिसेंबर १९४१ ला सुरू झाली. युद्धात साध्या नागरिकांनी आपापली छोटी विमानं घेऊन किनाऱ्यालगत जर्मन पाणबुड्यांवर पाळत ठेवली होती. आता हरवलेली विमानं आणि माणसं शोधायची, पूर-वादळानंतर वरून फोटो काढायचे, अशी कामं असतात. कॅडेट विभाग १९४२ पासूनचा, १२ ते १८ वयाच्या मुलांना प्रवेश मिळतो. हवाई दलाच्या थंडरबर्ड्स या कसरती करणाऱ्या विमानपथकाची पहिली महिला वैमानिक निकोल मॅलाकोव्स्की याच कॅडेटांमधली, हे लेकीला तोंडपाठ आहे.

मैत्रिणीबरोबर ती पाहुणी म्हणून साप्ताहिक मीटिंगला गेली तेव्हा मीही मागे बसून सगळं पाहिलं. कवायत घेत होती पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. एका नवख्या मुलाला 'अबाउट फेस' (जागच्या जागी मागे वळणं) जमेना, सारखा तोल जायचा. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, उजवा चवडा डाव्या टाचेमागे कुठे टेकवायचा ते स्वतः करून दाखवलं, आणि त्याला जमेपर्यंत तिथून हलली नाही. मोठी माणसं भिंतीशी उभी होती, कुणी मधे पडलं नाही. मला ही संस्था आवडली ती तिथे. विमानं नंतर.

अर्थात लेकीचा जीव विमानांतच आहे! कॅडेटला १८ पूर्ण होईपर्यंत ५ विमानफेऱ्या आणि ५ ग्लायडरफेऱ्या मोफत मिळतात, विमानात पुढच्या सीटवर बसून. शिवाय एका पायरीवरून दुसरीवर जायला किमान ८ आठवडे लागतात, म्हणजे उशिरा शिरलं की वरच्या पायऱ्या हाताला लागतच नाहीत. 'ग्रीन कार्ड आल्यावर बघू' म्हणायची म्हणूनच मला भीती वाटते.

अट अशी वाचली की सभासद अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवा. अपवाद म्हणून अर्ज करता येतो असंही कानावर आलंय. तर, तुमच्यापैकी कुणाचं मूल एच-४ वर असताना कॅडेट झालंय का? अर्ज स्क्वाड्रन (स्थानिक तुकडी) कमांडरकडे द्यायचा की थेट राज्याच्या विंगकडे (राज्यपातळीवरच्या शाखेकडे)? सोबत कोणते कागद जोडले, आणि उत्तर यायला किती दिवस लागले? नकार आला असेल तर तेही मोकळेपणाने लिहा.

दुसरं, उन्हाळ्यातला आठवडाभराचा एनकॅम्पमेंट कॅम्प. आम्ही शाकाहारी, अंडंही नाही. तिथे जेवणाचं कसं जमवलंत?

सैन्यात जायची सक्ती नसते हे मला माहीत आहे. सासरे स्वतः कॉलेजात एनसीसीत होते, तरी त्यांना पटवायला दोन संध्याकाळी गेल्या, पण ते पटलेत. यंग ईगल्स नावाच्या वेगळ्या उपक्रमात ८ ते १७ वयाच्या मुलांना मोफत विमानात बसवतात, तेही करणार आहोत. पण ती एक फेरी झाली. तिला दर आठवड्याला जाऊन उभं राहायचंय त्या रांगेत.

तिथल्या अधिकाऱ्यांना अजून व्हिसाचं काही विचारलेलं नाही. आधी अनुभवी लोकांकडून कळलं तर तिला तिथे पुन्हा न्यायचं की नाही ते ठरवता येईल. एकदा गणवेश हातात घेऊन पाहिलेल्या मुलीला 'नाही' सांगणं फार जड जाईल हो.