अनुभव धागा : जगाच्या पाठीवरचे राहून गेलेले अल्बम

सुरुवात मीच करतो. लहानपणी पेटी शिकलो, त्यामुळे भूप राग कानात पक्का बसलेला. मागच्या पावसाळ्यात एका मित्राने इथिओपियाच्या हाइलू मर्गियाचा १९८५चा अल्बम ऐकवला. अ‍ॅकॉर्डियन, इलेक्ट्रिक पियानो, सिंथेसायझर आणि ठेक्याचं यंत्र, सगळं एकट्याने वाजवलेलं. तिकडच्या संगीतात तिझिता नावाची पाच स्वरांची चौकट आहे आणि तिच्या एका प्रकारात नेमके आपले सा रे ग प ध येतात. चलन, म्हणजे सुरांची चाल वेगळी, न्यास, म्हणजे थांबायच्या जागा वेगळ्या, म्हणून तो भूप नाहीच. तरी पहिल्यांदा ऐकताना परकं काही वाटलं नाही.

मर्गिया अदिस अबाबातल्या वालियास बँडचा नावाजलेला वादक. अमेरिकेला गेला, तिथेच राहिला आणि पुढे वॉशिंग्टनमध्ये टॅक्सी चालवू लागला. विमानतळावर गिऱ्हाइकाची वाट बघताना डिकीतला कीबोर्ड काढून सराव करायचा. या अल्बमची कॅसेट एका अमेरिकन संग्राहकाला इथिओपियातल्या बहिर दार शहरात सापडली, २०१३ साली ती नव्याने निघाली आणि साठी ओलांडलेला हा माणूस पुन्हा मैफली करू लागला. हे वाचलं तेव्हा फार भरून आलं.

तुम्हीही सांगा. एकच अल्बम, तो तुमच्यापर्यंत कसा आला, आणि त्यात काय ऐकावं. मोबाइलने पुढे केलेलं सुटं गाणं नको. सलग ऐकलेला अल्बम हवा, कारण वादकाने एकापुढे एक काय ठेवलं यातच त्याचं निम्मं म्हणणं असतं.

सातपूरहून :
कंपनीत दिवसभर प्रेसचा आवाज. घरी आल्यावर गाण्यातले शब्दसुद्धा सोसत नाहीत. जपानच्या हिरोशी योशिमुरांचा ‘म्युझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्स’ लावतो. १९८२चा. कीबोर्डवरच्या छोट्या छोट्या सुरावटी, मध्ये भरपूर मोकळी जागा. टोकियोच्या हारा संग्रहालयात तो वाजायचा. जपानबाहेर नीट पोचला २०१७मध्ये, योशिमुरा तर २००३लाच गेले. आवाज कमी ठेवून ऐका.

पंचवटीतून :
नात म्हणाली, “आजी, हा यमन आहे का बघ,” आणि हेडफोन माझ्या कानाला लावला. चरणजित सिंग यांचा १९८२चा ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारा हा माणूस. रोलंड कंपनीची सिंथेसायझर आणि ठेक्याची यंत्रं घेऊन भैरवी, ललत, तोडी, मालकंस असे दहा राग बसवले. त्यातल्या एका यंत्रात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, तीच त्यांनी मींडेसाठी, म्हणजे सूर न तोडता सरकण्यासाठी वापरली. तेव्हा कोणी विचारलं नाही. २०१०मध्ये तो परदेशात पुन्हा निघाला आणि लोक थक्क झाले, कारण त्याच यंत्रांवर शिकागोत अ‍ॅसिड हाउस हे यंत्रांवरचं नाचाचं संगीत उभं राहिलं ते काही वर्षांनी. ज्या नाशकात द. वि. पलुसकर जन्मले तिथे वाढलेले माझे कान. आलाप नाही याची रुखरुख मला लागलीच. पण ललतातले शुद्ध आणि तीव्र असे दोन मध्यम त्या यंत्रातूनही ओळखू येतात, आणि नात आता ललत म्हणजे काय ते विचारते आहे.

इंदिरानगरहून :
काकू, मींडेचं पटलं. मी तबला शिकतो. मला मात्र तो ठेका खटकतो. चार ठोके सारख्याच वजनाचे, खाली-भरी, म्हणजे हलक्या आणि भरीव मात्रांचा फरक नाही, मग समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर येण्यातलं सुख कुठून मिळणार? तरी त्यातला मेघ मल्हार आवडला, गंगापूर धरणाच्या रस्त्याला पावसात ऐकला होता.

देवळाली कॅम्पहून :
त्याच १९८२ सालचा रूपा बिस्वास यांचा ‘डिस्को जॅझ’. कोलकात्याची गायिका, ध्वनिमुद्रण कॅनडातल्या कॅलगरीत, सरोदवर आशिष खाँ. चारच गाणी. अल्बम चालला नाही, रूपा संसारात रमल्या. पुढे कित्येक वर्षांनी मुलाने इंटरनेटवर शोधलं तेव्हा समजलं की आईच्या तबकडीला जगभरात मोठी किंमत येते आहे. २०१९मध्ये तो नव्याने निघाला. ‘आज शनिबार’ सगळे ऐकतात. मी म्हणेन शेवटचं लांबलचक गाणं ऐका, सरोदला तिथे खरी मोकळीक आहे. सरोद किंवा सतार घेऊन परदेशात केलेले त्या काळातले असे आणखी अल्बम कुणाकडे असतील तर नावं द्या, मला ऐकायचे आहेत.