उरलंसुरलं, तेही वीगन : तुम्ही काय करता?

दूध, तूप, अंडी बंद केल्यावर ठरवून केलेला स्वयंपाक अवघड जात नाही. अवघड जातं ते रात्री दमून फ्रिज उघडल्यावर. वाटीभर डाळ, थोडा भात, अर्धं गाजर, कशाचीतरी कोरडी भाजी. पूर्वी यावर चीज किसलं किंवा अंडं फोडलं की भागायचं. आता हे एकत्र बांधायचं कशाने आणि चव आणायची कुठून? अट एकच : खास काही आणायला बाहेर पडायचं नाही. प्रमाण सांगितलंत तर उत्तम, 'अंदाजाने' म्हणणारेही या.

सुरुवात मी करते. उरलेली घट्ट डाळ पाणी घालून पुन्हा वाढली की घरात नाकं मुरडली जातात. तिची धिरडी केली की मागून घेतात. वाटीभर डाळीला साधारण अर्धी वाटी बेसन, बारीक चिरलेला कांदा आणि असेल ती भाजी कुस्करून. डाळीत मीठ असतंच, त्यामुळे बेसनापुरतंच घालायचं. धिरडी लहान घाला आणि कडा सुटेपर्यंत उलथनं लावू नका, धरून ठेवायला अंडं नाहीये. ताटात वाढताना चिमूटभर काळं मीठ भुरभुरलं की अंड्यासारखा वास येतो. तो त्यातल्या गंधकाचा.

*

भाताबद्दल बोलतो. ताजा भात परतला की गोळा होतो, फ्रिजमधला सुटा राहतो, कारण गार झाल्यावर त्यातला स्टार्च घट्ट होतो. म्हणून मी मुद्दाम जास्तीचा लावतो. मात्र तो रात्रभर ओट्यावर राहता कामा नये. बॅसिलस सेरेअस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात, कोमट भातात वाढतात, आणि त्याचं एक विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. भात ताटात पसरून निववायचा, तासाभरात फ्रिजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी फस्त.

परतताना कढई सणसणीत तापलेली हवी. आधी भाज्या, मग भात, आणि भात पडल्यावर मिनिटभर ढवळायचं नाही. तळाला जो खरपूस थर धरतो तोच खरा माल. सोया सॉस कढईच्या कडेने सोडायचा. थेट भातावर ओतला की एक घास खारट, दुसरा अळणी.

*

दाण्याचं कूट. सगळ्यावर. पुढचा प्रश्न?

*

आमच्याकडे मुलाला दाण्याची ॲलर्जी, त्यामुळे कूटवाल्यांचा हेवा वाटतो. मी सूर्यफुलाच्या बिया अर्धा तास गरम पाण्यात भिजवते आणि थोड्याच पाण्यात गंधासारख्या गुळगुळीत वाटते. उरलेल्या भाजीत हे वाटण घालून एक उकळी आणली की रस्सा दाट होतो. उकडलेल्या बटाट्यानेही दाटपणा येतो, पण तो मिक्सरमध्ये फिरवू नका, चिकट लगदा होतो. हातानेच कुस्करा. लिंबू मात्र गॅस बंद केल्यावर. साय-लोण्याची उणीव भासते तेव्हा पुष्कळदा कमी असतो तो आंबटपणाच.

*

घरात वीगन मी एकटीच. त्यामुळे उरलेलं अन्न असूनही माझ्या कामाचं नसायचं : डाळीवर तूप पडलेलं, भाजीत साय गेलेली. हल्ली सासूबाईच तूप घालायच्या आधी दोन पळ्या डाळ वेगळी काढतात आणि डब्यावर 'हिची' असं लिहून ठेवतात. कणीकही तेलावर मळली जाते, कोणाच्या लक्षातसुद्धा आलेलं नाही.

यावरून माझं एक ठाम मत झालंय. उद्यासाठी ठेवायचं ते शेवटच्या पायरीच्या अलीकडेच काढून ठेवावं. काकडी-गाजर कालवण्याआधी, बटाटा फोडणीला टाकण्याआधी, कडधान्य नुसतं शिजलेलं असताना. साध्या उकडलेल्या भाजीचं उद्या काहीही करता येतं, मलईतली भाजी उद्याही मलईतलीच राहते. वीगन असो वा नसो.

*

छोल्यांचं पाणी टाकता का कोणी? टाकू नका. ते फेटलं की अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा फेस धरतं, हे २०१४ मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच माणसाने दाखवलं. बाइंडिंगला एका अंड्याऐवजी तीन मोठे चमचे. डब्यातल्या छोल्यांचं पाणी तयारच असतं. घरी शिजवलेल्यांचं पातळ निघतं. ते छोल्यांसकट गार होऊ द्यायचं, मग गाळून आटवायचं, बोटाला किंचित बुळबुळीत लागेपर्यंत.

मी त्याचं मेयो करतो. उंच भांड्यात तीन चमचे हे पाणी, चमचाभर मोहरीची पेस्ट, लिंबू, मीठ. हँड ब्लेंडर चालू ठेवून पाऊण कप तेल अगदी बारीक धारेने. धार जाड झाली की फाटतं. कालच्या उकडलेल्या भाज्या त्यात कालवून ब्रेडमध्ये भरल्या की जेवण झालं.

*

राजम्याचं पाणी चालेल का?

*

चालतं, पण गुलाबीसर रंग येतो. मेयोला नको, धिरड्यात कोणाला कळणार आहे?

*

कांद्याची टोकं, गाजराची सालं, कोथिंबिरीच्या काड्या, मशरूमचे देठ मी फ्रीझरमधल्या पिशवीत साठवते. पिशवी भरली की पाऊण तास मंद उकळून गाळायचं. कोबी-फ्लॉवरचे देठ त्यात घालू नका, कडवटपणा उतरतो. त्यांचं जाड साल काढून पातळ काप करा आणि परता. माझ्या मते ते फुलांपेक्षा चवदार लागतात.

*

जरा रसभंग करतो. शाकाहारी किंवा वीगन आहे म्हणून उरलेलं अन्न जास्त टिकतं, असं काही नसतं. फ्रिजमध्येही तीन-चार दिवसच, हवं तेवढंच बाहेर काढायचं आणि एकदाच, चांगलं वाफाळेपर्यंत गरम करायचं. वासाने समजतं या भरवशावर राहू नका, विषबाधा करणाऱ्या जिवाणूंना बऱ्याचदा वासच नसतो. आणि कितीही कल्पक स्वयंपाक केलात तरी बी-१२ भरवशाने मिळायला गोळी किंवा ते वरून घातलेले पदार्थच लागतात.

*

मी एकटा राहतो, एक तवा, एक सुरी. शिळा ब्रेड फ्रिजमध्ये ठेवत नाही, तिथे तो जास्तच लवकर कडक होतो. फ्रीझरमध्ये मात्र छान राहतो. तेलात लसूण, त्यावर ब्रेडचे तुकडे कुरकुरीत होईपर्यंत, ते बाजूला. त्याच तव्यात पिकून मऊ पडलेले टोमॅटो मिठासोबत पार गळू द्यायचे, त्यात उरलेलं कुठलंही शिजलेलं कडधान्य. ब्रेड अगदी शेवटी, खायला बसताना. आधी घातला तर लापशी होते, पण सर्दी झालेली असेल तर तीही चालते.