बाह्यरुग्ण विभागातील वेदनाशामकांचा कल कसा मोजावा?

नोंदवही
पदव्युत्तर प्रबंधासाठी मी बाह्यरुग्ण विभागातील औषधचिठ्ठ्यांचा आढावा घेत आहे. नुसते पॅरासिटॅमॉल लिहिलेल्या चिठ्ठ्या वर्षागणिक घटत असून डायक्लोफेनॅकसारखी दाहशामके वाढत असल्याचे दिसते. वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या एटीसी संकेतांकांनुसार, म्हणजे प्रत्येक औषधाला ठरावीक गटात बसवणाऱ्या पद्धतीनुसार, केले आहे. डॉक्टरांची पसंती बदलली, असा निष्कर्ष यावरून काढता येईल का?

खलबत्ता
इतक्यात नको. डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटॅमॉल एकाच गोळीत असतील, तर ती गोळी एम०१एबी५५ या संकेतांकाखाली, म्हणजे दाहशामकांत जाते आणि तिच्यातील पॅरासिटॅमॉल एन०२ या वेदनाशामकांच्या गटात मोजलेच जात नाही. त्यामुळे संयुक्त गोळ्यांचा वापर वाढला की कागदावर पॅरासिटॅमॉल घटते; रुग्णाच्या पोटात मात्र ते पूर्वीइतकेच, कदाचित अधिकही, जात असते. प्रत्येक गोळीचे घटक सुटे करून पुन्हा मोजा. काम कंटाळवाणे आहे, पण मला तरी दुसरा मार्ग दिसत नाही.

अस्थिसंधी
वरील मुद्द्याशी सहमत आहे. चिठ्ठ्यांऐवजी प्रमाणित दैनिक मात्रेने (प्रौढाला मुख्य उपयोगासाठी दिवसाला सरासरी लागणारी, मोजणीसाठी गृहीत धरलेली मात्रा) मोजणार असाल, तर तिथेही एक खाच आहे: पोटातून घेण्याच्या डायक्लोफेनॅकसाठी ती १०० मिलिग्रॅम धरली जाते, परंतु त्वचेवर लावायच्या जेलसाठी अशी मात्रा ठरवलेलीच नाही. गुडघेदुखीच्या वृद्ध रुग्णांना गोळीऐवजी जेल देण्याचा योग्य बदलही मग केवळ घट म्हणून दिसेल. शिवाय २००४ मध्ये रोफेकॉक्सिब हे दाहशामक बाजारातून मागे घेतले गेले आणि २०१३ मध्ये युरोपीय औषध संस्थेने हृदयविकाराच्या रुग्णांत डायक्लोफेनॅकवर निर्बंध सुचवले. आकडेवारी त्या काळाला स्पर्श करत असेल, तर आलेखावर ही वर्षे अवश्य दाखवा.

नोंदवही
आभारी आहे. घटक सुटे करून पाहतो. चिठ्ठीत आजाराचे निदान बहुधा लिहिलेले नसते; मग औषध योग्य होते की नाही, हे कसे ठरवावे?

खलबत्ता
निदानाशिवाय ते ठरवता येत नाही, तसा दावाही करू नये. मात्र काही धोके चिठ्ठीवरूनच कळतात. रक्तदाबासाठी एनालाप्रिलसारखे औषध आणि मूत्रल (लघवी वाढवणारे औषध) चालू असताना त्यांत दाहशामकाची भर पडली, तर मूत्रपिंडाला इजा होण्याची शक्यता वाढते. हे त्रिकूट एकाच चिठ्ठीत किती वेळा आढळते आणि त्यांतील किती रुग्ण ६५ वर्षांपुढचे आहेत, एवढे काढले तरी प्रबंधाचे एक प्रकरण उभे राहील.